तहान कोणाची?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ पवनीची ही व्याख्यानमाला चालते ते शाळेत मराठी शिकवत. ‘केवढे हे क्रौर्य’ ही नारायण वामन टिळकांची कविता शिकवताना कवी ख्रिस्ती होता एवढे सांगून ते पुढे जात नसत. कोकणातल्या ब्राह्मण घरातला हा माणूस ख्रिस्ताकडे का गेला, यावर त्यांचा आख्खा तास जाई, असे त्यांच्या विद्यार्थ्यांनीच मला सांगितले. तेव्हा टिळकांविषयी इथे बोलणे म्हणजे गुरुजींचाच तास पुढे चालवणे आहे.

टिळकांचे चरित्र सांगायला मात्र मी उभा नाही. मला एका प्रश्नाविषयी बोलायचे आहे. माणसाला देवाची ओढ लागते, ती येते कुठून? सर्वसाधारण समजूत अशी की माणूस देवाचा शोध घेतो, जपतप, उपासतापास करतो आणि त्याच्या निष्ठेवर प्रसन्न होऊन देव त्याला भेटतो. पहिले पाऊल माणसाचे, दुसरे देवाचे. ख्रिस्ती श्रद्धा याच्या उलट सांगते. पहिले पाऊल देवाचेच असते. माणसाच्या मनात जी तळमळ उठते, तीच देव जवळ आल्याची पहिली खूण, आणि ती तळमळ कोणी कष्टाने कमावलेली नसते. ती मिळालेली असते. यालाच आम्ही कृपा म्हणतो. मी ख्रिस्ती घरात जन्मलो, त्यामुळे हे लहानपणापासून कानावर पडत आले. पण त्याचा अर्थ मला धर्मशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा तीन मराठी माणसांच्या आयुष्यांतून अधिक कळला. टिळक, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि पंडिता रमाबाई.

टिळकांपासून सुरुवात करतो, कारण त्यांची गोष्ट आपल्या वैनगंगेवरून गेलेली आहे.

त्यांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला ते नागपुरात होते. आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करत होते, ‘ऋषि’ नावाचे मासिक चालवत होते. शीघ्रकवी, वादात कोणाला हार न जाणारे, मनस्वी आणि हातात आलेला पैसा घरी पोचू न देणारे. या सगळ्या धामधुमीत त्यांच्या डोक्यात एक विचार घर करून होता. आपला देश वर यायचा तर जातिभेद गेला पाहिजे, आणि जातिभेद जायचा तर असा धर्म हवा ज्यात देव सगळ्यांचा बाप आणि सगळी माणसे भावंडे. असा धर्म त्यांना तयार सापडेना, म्हणून आपणच एक नवा धर्म काढावा इथवर त्यांची मजल गेली होती. त्याची तत्त्वेही त्यांनी मनाशी ठरवली होती.

1893 साली नोकरीच्या शोधात ते राजनांदगावला निघाले. हा लोहमार्ग भंडारा रोड, तुमसर रोड करत जातो आणि माडगीपाशी वैनगंगा ओलांडतो. त्या प्रवासात डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. त्याने या नेटिव्ह प्रवाशाला अदबीने जागा दिली, आणि तो काळ पाहता हीसुद्धा लहान गोष्ट नव्हती. बोलणे संस्कृत काव्यावर गेले, तिथून धर्मावर आले. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली, ती वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करून टाकले. टिळकांना ते भाकीत चमत्कारिक वाटले. दोघांनीही एकमेकांचे नावगाव विचारले नाही. तो कोण होता हे टिळकांना पुढे कधीही समजले नाही.

पुस्तक त्यांनी वाचायला घेतले ते दिलेल्या शब्दासाठी. हातात पेन्सिल होती, पटेल ते आणि न पटेल ते खुणावत जायचे हा त्यांचा शिरस्ता. पहिली पाने रुचली नाहीत. बाजूला ठेवावे असे वाटले, पण वचन आड आले. मग मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय लागला, डोंगरावरचे प्रवचन सुरू झाले आणि तिथे ते थांबले. ज्या प्रश्नांनी त्यांना वर्षानुवर्षे पोखरले होते त्यांची उत्तरे तिथे होती. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोन वर्षे अजून उलटायची होती.

ही गोष्ट आमच्या चर्चमध्ये हमखास सांगितली जाते, आणि मला वाटते ती अर्धवट सांगितली जाते. रस कुठे असतो तर त्या अनोळखी गोऱ्या माणसाच्या भाकितात. मला मोलाचे वाटते ते त्याच्या आधीचे. पुस्तक हातात येण्यापूर्वी टिळक तहानलेले होतेच. ज्या देवाला ते सर्वांचा बाप म्हणून शोधत होते, त्या देवाची कल्पना त्यांना कोणा मिशनऱ्याने दिली नव्हती. मग कोणी दिली? टिळकांनी स्वतः याचे उत्तर दिले आहे. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. पूल ओलांडून पलीकडे गेल्यावर तो मोडून टाकायची भाषा त्यांनी कधी केली नाही. त्यांची ख्रिस्ती भजने अभंगातच आली, त्यांचे ख्रिस्तचरित्र ओवीत आले. ज्याने आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले त्यानेच तुकोबांकरवी आपल्यात आस पेरली, ही त्यांची खात्री होती. आणि वारकरी श्रोत्यांना यात परके काही वाटू नये. विठ्ठलाने वेड लावले, असे वारीत चालणारा माणूस सहज बोलून जातो. मी वेडा झालो, असे तो म्हणत नाही.

ख्रिस्ती धर्मात हा विचार असा स्पष्ट व्हायला चारशे-पाचशे वर्षे आणि एक मोठे भांडण लागले. उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टिनचे नाव आपल्यापैकी काहींना माहीत असेल. 354 साली जन्मलेला हा बुद्धिमान माणूस बायका, कीर्ती, तत्त्वज्ञान, मनी या धर्मसंस्थापकाचा पंथ असे सगळे पालथे घालून 386 मध्ये मिलान शहरातल्या एका बागेत ढसाढसा रडत होता. शेजारच्या घरातून एका मुलाचा, घे आणि वाच अशा अर्थाचा सूर कानी आला, त्याने पौलाचे पत्र उघडले आणि त्याचे आयुष्य पालटले. पुढे त्याने ‘कबुलीजबाब’ हे आत्मचरित्र लिहिले. त्याचा सूर सुरुवातीपासून एकच आहे. मी तुला शोधत होतो तेव्हा मला ढकलणारा तूच होतास, माझ्या भरकटण्यातही मला चैन पडू न देणारा तूच होतास. या पुस्तकात एके ठिकाणी तो देवाला विनवतो की तू जे मागतोस ते आधी तूच मला दे. हे वाक्य रोममध्ये पेलॅगियस नावाच्या ब्रिटनहून आलेल्या संन्याशाने ऐकले आणि तो खवळला. त्याचे म्हणणे, असे बोलून माणूस हातपाय गाळून बसेल. देवाने बुद्धी दिली, इच्छा दिली, आज्ञा दिल्या, आता चांगले होणे माणसाच्या हातात आहे.

पेलॅगियसचा राग मला समजतो. तो लबाड माणूस नव्हता, कडक आचरणाचा होता. पण त्याच्या शिकवणीत दुबळ्याला जागा उरत नाही. ज्याच्याने उठवत नाही त्याला तो ऊठ म्हणून सांगतो, एवढेच. वाद ऑगस्टिनच्या मरणानंतरही चालू राहिला. मधला मार्ग काढणारे म्हणाले, कृपा हवीच, पण देवाकडे वळण्याची पहिली इच्छा तरी माणसाची असू द्या. 529 साली आजच्या फ्रान्समधल्या ओरांज इथे धर्मसभा भरली आणि तिने ठरवले की तेही नाही. श्रद्धेचा आरंभ, शुद्ध व्हावे ही नुसती इच्छासुद्धा, पवित्र आत्म्याचे देणे आहे.

आपल्या देशात हाच वाद दक्षिणेच्या श्रीवैष्णवांत झाला. माकडिणीचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते, मांजरीचे पिलू काहीच करत नाही, मांजरी त्याला तोंडात धरून नेते. भक्ताने माकडाच्या पिलासारखे असावे की मांजराच्या, यावर दोन पंथ पडले. जर्मन धर्मपंडित रुडॉल्फ ओट्टो यांना भारतातल्या या वादाचे इतके अप्रूप वाटले की त्यांनी भारतीय कृपाधर्म आणि ख्रिस्ती धर्म यांची तुलना करणारे पुस्तकच लिहिले. ख्रिस्ती विचार मांजरीच्या बाजूला झुकतो, पण मी त्यात एक भर घालीन. मांजरीने उचललेले पिलू ओरडते. ते ओरडणे हीच प्रार्थना, आणि ओरडायला घसा तिनेच दिलेला आहे.

शुभवर्तमानात जक्कयाची गोष्ट येते. यरीहो गावचा हा जकातदारांचा मुखिया, श्रीमंत, लोकांच्या शिव्या खाणारा आणि ठेंगणा. येशू गावातून चालला आहे, गर्दीत दिसत नाही, म्हणून तो धावत पुढे जाऊन उंबराच्या झाडावर चढतो. आतापर्यंत शोधणारा जक्कय. पण येशू त्या झाडाखाली येऊन थांबतो, वर पाहतो, त्याला नावाने हाक मारतो आणि आज मला तुझ्याच घरी उतरायचे आहे म्हणतो. झाडावर चढलेल्या माणसाला वाटत होते की आपण पाहायला आलो आहोत. खाली उतरल्यावर कळले की आपल्यालाच कोणी पाहायला आले होते. मला या गोष्टीत सगळ्यात आवडते ती जक्कयाची उत्सुकता, जरा पोरकट, प्रतिष्ठेला न शोभणारी. एवढा मोठा अंमलदार झाडावर का चढला? त्याला स्वतःला तरी सांगता आले असते का?

आता लक्ष्मीबाईंकडे येतो. टिळकांची ओढ लख्ख दिसते, आवाज करत येते. लक्ष्मीबाईंची तशी नव्हती, आणि म्हणून ती मला अधिक शिकवते.

नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी आली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. लहानगा मुलगा दत्तू पदरात. त्या काळच्या ब्राह्मण घरात नवरा मेला तर काय करायचे याचे रीतिरिवाज ठरलेले होते, नवरा बाटला तर काय करायचे याचे नव्हते. कुंकू लावायचे की पुसायचे, इथपासून प्रश्न. साडेचार-पाच वर्षे त्या नातलगांच्या आधाराने राहिल्या. या दुःखातच त्यांच्या कवितेला वाचा फुटली. पुढे अहमदनगरला त्या टिळकांजवळ राहायला आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे, संसारासाठी. आल्या तशा सोवळ्यासकट आल्या. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. एका घरात ख्रिस्ती पाळक होऊ घातलेला नवरा आणि त्याच्या हातचे पाणी न पिणारी बायको.

टिळकांनी इथे काय केले पाहा. तापट माणूस, शब्दाचा बादशहा, बायकोला पटवून देता आले नसते असे नाही. पण त्यांनी जबरदस्ती केली नाही. तिला तिचे सोवळे पाळू दिले. चिडचिड झाली, भांडणे झाली, ती लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहेत, पण श्रद्धेच्या बाबतीत त्यांनी वाट पाहिली. ओढ ही देणगी आहे असे ज्याला खरोखर वाटते त्याला दुसरे काही करताच येत नाही. जे मी माझ्यात निर्माण केले नाही ते मी तुझ्यात कसे निर्माण करू? धर्मांतरावर आज आपल्याकडे जेवढा गदारोळ होतो, त्यात दोन्ही बाजूंच्या माणसांनी हे घर एकदा डोळ्यांपुढे आणावे असे मला कळकळीने वाटते.

मग एके दिवशी लक्ष्मीबाईंच्याच मनात विचार आला. देवाने माणूस निर्माण केला तेव्हा बाई आणि पुरुष एवढेच केले. जाती त्याने केल्या असत्या तर पशूपक्ष्यांसारखा फरक दिसला असता. मग या कोणी केल्या? प्रश्न पडायचा अवकाश, बाईंनी निर्णय घेऊन टाकला की इथून पुढे कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे. जन्मभर सोवळ्याच्या अतिरेकात वाढलेल्या बाईने. आधी माणसाच्या हातचे पाणी आले, ख्रिस्त मागाहून आला. 1900 साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

योहानाच्या शुभवर्तमानात शोमरोनी बाईची गोष्ट आहे. यहुदी लोक शोमरोनी लोकांशी व्यवहार ठेवत नसत, त्यांची भांडीही विटाळलेली मानत. येशू भर दुपारी विहिरीपाशी थकून बसला आहे आणि त्या बाईकडे पाणी मागतो. तीच चकित होते, तुम्ही माझ्याकडे पाणी कसे मागता म्हणून. जिवंत पाणी देणारा आधी स्वतः तहानलेला होऊन, ज्या हातचे चालत नाही अशा हाताकडे पाणी मागतो. महाडचे तळे ज्या महाराष्ट्राने पाहिले त्याला या गोष्टीचा अर्थ फोड करून सांगायला नको. आणि खेदाने हेही बोलले पाहिजे की ही गोष्ट दर वर्षी वाचणाऱ्या आमच्या चर्चमध्येही जात पुष्कळ ठिकाणी मागल्या दाराने आत आली आणि बसून राहिली.

पवनीत तहानेविषयी बोलायचे तर जगन्नाथ टेकडीला बगल देऊन चालणार नाही. 1969-70 च्या उत्खननात तिथे प्रचंड स्तूप निघाला, ब्राह्मीतले लेख निघाले, मुचलिंद नागाचे शिल्प निघाले. ख्रिस्ताच्या जन्माआधीपासून या गावाला एक शिकवण माहीत होती की तृष्णा हे दुःखाचे मूळ आहे. समोर बौद्ध बांधव बसले आहेत आणि मी तहानेला देणगी म्हणतो आहे. हे अंतर मला पुसायचे नाही. बुद्धांनी शिष्यांना स्वतःवर विसंबायला सांगितले, आमच्याकडे विसंबायचे ते दुसऱ्यावर. पण मला तृष्णेविषयीची ती शिकवण अगदी जवळची वाटते, कारण माणसाच्या बहुतेक तहानांविषयी ती अक्षरशः खरी आहे. पैसा, मान, सत्ता, हवे-हवेची न संपणारी रांग. ऑगस्टिनही हेच भोगून आला होता. फरक पडतो तो शेवटच्या पायरीवर. सगळ्या तहाना गळून पडल्यावर एक उरते, असे ख्रिस्ती साधकांनी लिहून ठेवले आहे. चौथ्या शतकातला निसाचा ग्रेगरी तर म्हणतो की ती कधी भागतच नाही, जितका देव मिळतो तितकी ती वाढते, आणि हे वाढणे हेच देवाला पाहणे. बुद्धमार्गाने जाणारा माझा मित्र याला मान हलवणार नाही. तरीही आम्ही दोघे एका टेकडीवर बसून याविषयी बोलू शकतो, आणि बोललोही आहोत.

रमाबाईंची गोष्ट सांगितल्याशिवाय विषय पुरा होत नाही, कारण बाप्तिस्मा झाला म्हणजे ओढ मिळाली असे समजणाऱ्यांना ती जागे करते. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही मुलगी. पुराणे सांगत तीर्थामागून तीर्थे हिंडणारे हे कुटुंब 1870 च्या दशकात दुष्काळात सापडले आणि वडील, आई, थोरली बहीण काही महिन्यांत गेली. मरणापूर्वी वडिलांनी धाकट्या लेकीला जवळ घेऊन सांगितले होते की मी तुला देवाच्या हाती दिले आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने ते ऐकले. पुढे विद्वत्तेबद्दल कलकत्त्यात ‘सरस्वती’ ही पदवी मिळाली, लग्न झाले, वैधव्य आले, इंग्लंडला जाणे झाले, आणि 1883 साली वाँटेज इथे बाप्तिस्माही झाला. एवढे होऊन त्या प्रामाणिकपणे लिहितात की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. विधवांसाठी काढलेले शारदा सदन चालू होते, पुण्यामुंबईत कौतुक आणि टीका दोन्ही वाट्याला येत होते, कामाचा डोंगर होता, आणि आत मात्र काहीतरी कमी होते. 1891 च्या सुमारास विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र वाचनात आले. हा गृहस्थ स्वतः धर्मगुरू झाल्यावर कित्येक वर्षांनी देवाकडे वळला होता. त्या पुस्तकाने रमाबाईंना स्वतःची रिकामी जागा दाखवली. आपल्याला काय हवे आहे हे कळणे हाच त्यांच्यासाठी कृपेचा पहिला स्पर्श ठरला.

1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या वडिलांच्या त्या शब्दांकडे परत जातात. तो देव वडिलांनी कोणत्या नावाने ओळखला होता हे त्यांना चांगले ठाऊक होते. तरीही त्यांची श्रद्धा अशी की देवाने बापाचे ते देणे स्वीकारले आणि तेव्हापासून तो आपल्याला ओढून आणत होता. एका वैष्णव शास्त्र्याच्या मरणशय्येवरची प्रार्थना ही एका ख्रिस्ती बाईच्या श्रद्धेची सुरुवात. कृपा माणसाच्या आधी येते म्हणतात ते असे. आधी म्हणजे चर्चच्याही आधी, बाप्तिस्म्याच्याही आधी, ख्रिस्ताचे नाव कानावर पडण्याच्याही आधी.

ही ओढ नुसती डोळे मिटून बसायची नव्हती हेही रमाबाईंकडून शिकावे. 1896-97 च्या दुष्काळात त्या आपल्या या तेव्हाच्या मध्य प्रांतात आल्या. दुष्काळ काय असतो हे त्यांच्या आतड्यांना माहीत होते. सुमारे तीनशे मुली आणि बायकांना त्यांनी इथून सोडवून नेले आणि त्यातून पुढे केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले.

आता एक प्रश्न, जो सभेनंतर कोणी ना कोणी विचारतोच. ओढ ही देणगी असेल तर ज्याला ती वाटत नाही त्याचा काय दोष? देवाने काहींना द्यावी, काहींना देऊ नये, हा कुठला न्याय? ऑगस्टिनने म्हातारपणी याचे फार कठोर उत्तर दिले. देव ज्यांना निवडतो त्यांना देतो, बाकीच्यांना आपल्या वाटेने जाऊ देतो. मी त्या उत्तराशी सहमत नाही. अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांनी सांगितले की ही आधी येणारी कृपा प्रत्येक माणसाला दिलेली आहे. विवेकाची टोचणी हीसुद्धा तिचेच रूप. मला हे पटते, माणसे पाहूनच पटते. पूजा न करणारा, कुठल्याच देवळात न जाणारा एखादा शिक्षक दुसऱ्याच्या मुलासाठी जिवाचे रान करतो. त्याला विचारा, तो म्हणेल मला देवाचे काही नाही. पण त्याला स्वस्थ बसू न देणारे जे आहे, ते मी कोणाचे समजू?

आणि ज्यांना कधी काळी ओढ होती, आता आत सगळे कोरडे पडले आहे, त्यांच्यासाठी मदर तेरेसांची पत्रे वाचण्याजोगी आहेत. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 साली, ती प्रसिद्ध झाली आणि जग हादरले. कलकत्त्याच्या रस्त्यांवरून मरणासन्न माणसे उचलणाऱ्या या बाईला कित्येक दशके देवाचे अस्तित्व जाणवत नव्हते. पहाटे प्रार्थनेला बसत, समोर काळोख. काहींना वाटले, बाई ढोंगी होत्या. मला उलट वाटते. देव जाणवत नसूनही त्याच्याविना चालत नाही ही वेदना त्यांना शेवटपर्यंत सोडून गेली नाही. सगळे काढून घेतले तरी तेवढी तहान त्यांच्याजवळ राहिली. त्यांच्या संघाच्या प्रत्येक प्रार्थनागृहात क्रुसाशेजारी, मला तहान लागली आहे अशा अर्थाचे शब्द लिहिलेले असतात. क्रुसावर येशू हे बोलला, असे योहान सांगतो. मदर तेरेसा तो शब्दशः देवाचा उद्गार मानत. माणसाला देवाची तहान लागते त्याआधी देवाला माणसाची लागलेली असते, आणि आपल्या घशाला जी कोरड पडते ती त्याच्या तहानेने. आज मी जे काही बोललो त्याचा गाभा मला विचाराल तर हा आहे.

टिळक अखेरीस याच जागी पोचले. 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही. आमच्या चर्चमधल्या अनेकांना ते रुचले नाही. पण ज्याची स्वतःची ओढ तुकोबांच्या देहूपासून निघाली होती, तो दुसऱ्याच्या ओढीला कुंपणाबाहेर कसे उभे करणार? दरबार वाढायला त्यांना वेळ मिळाला नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मागे राहिले ‘ख्रिस्तायन’. ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहायचे टिळकांनी मनावर घेतले होते, दहा-अकरा अध्याय झाले होते. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. शाळेचे तोंड न पाहिलेली, जोडाक्षरांशी आयुष्यभर झगडलेली ही बाई. तिने 64 अध्याय लिहिले. नवऱ्याच्या इच्छेखातर म्हणून एखादा अध्याय लिहून होतो, चौसष्ट होत नाहीत. 1936 च्या फेब्रुवारीत नाशिकला त्या गेल्या आणि ग्रंथ 1938 मध्ये छापून निघाला. एके काळी ज्याच्या नावाने आपला संसार उधळला गेला म्हणून त्या रडल्या, त्याच्याच चरित्राच्या ओव्या त्या म्हातारपणी रचत होत्या. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. ‘स्मृतिचित्रे’ आपल्या वाचनालयात असतीलच. वेगळी चूल मांडून त्या टिळकांच्या घरात राहायला आल्या, तिथपासून वाचायला घ्या.